वंध्यत्व आणि गर्भ गमावण्याविषयी वाचण्याजोगी पुस्तके कोणती?

परभणीची शिक्षिका

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. लग्नाला सात वर्षे झाली. चार वर्षांच्या उपचारांनंतर दोनदा दिवस गेले; पहिल्या वेळी आठव्या आठवड्यात सगळे संपले आणि दुसऱ्या वेळी, गेल्या श्रावणात, एकोणिसाव्या आठवड्यात. दवाखान्यात प्रश्न विचारायला मिळतात ती पाच मिनिटे, आणि घरी त्या विषयावर कोणी बोलत नाही, म्हणून पुस्तकांकडे वळावे असे ठरवले.

सुरुवात चांगली झाली नाही. बाजारातल्या एका दुकानात मी "गर्भ" एवढा शब्द उच्चारताच विक्रेत्याने हसून "अभिनंदन ताई, कितवा महिना?" असे विचारले आणि मी काही बोलण्याआधीच गर्भसंस्कारांवरची तीन जाडजूड पुस्तके काचेवर मांडली. तिन्हींच्या मुखपृष्ठांवर गुबगुबीत बाळे होती. मी त्यांतले सर्वांत स्वस्त पुस्तक विकत घेऊन बाहेर पडले, कारण "नको" म्हटल्यावर पुढे जे सांगावे लागले असते ते सांगण्याचे बळ त्या दिवशी नव्हते. घरी येऊन उघडले, तर आईच्या मनातल्या विचारांवर गर्भ पोसला जातो अशा अर्थाचा मजकूर पहिल्याच प्रकरणात. म्हणजे माझ्याच विचारांत काही खोट होती, असे समजायचे का? ते पुस्तक सध्या पलंगाखालच्या पेटीत आहे.

मोबाइलवर शोधले तर आणखी पंचाईत झाली. "गर्भपात" असे लिहिले की कायदा आणि गोळ्यांची माहिती येते, "वंध्यत्व" लिहिले की दवाखान्यांच्या जाहिराती येतात. मला दोन प्रकारचे वाचन हवे आहे. एक, हे का होते आणि पुढे काय तपासावे हे नीट सांगणारे. दुसरे, ज्यातून असे गेलेल्या कोणी स्वतःविषयी लिहिले आहे असे. इंग्रजी मला वाचता येते, परंतु आमचे हे मराठीच वाचतात. कृपया दवाखान्यांची नावे सुचवू नयेत.

तालुक्याच्या गावचा ग्रंथपाल

बाई, तुमची अडचण मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूने बावीस वर्षे पाहत आलो आहे. या विषयाचे पुस्तक मागायला आलेली बाई बहुधा आधी पाककृतींचे पुस्तक मागते, ते परत ठेवते आणि तिसऱ्या फेरीत खालच्या आवाजात विचारते.

शोधताना तुम्हाला जो अडथळा आला तो मुळात शब्दाचा आहे. आपण मराठीत आपोआप झालेल्या आणि करवून घेतलेल्या, दोन्हींना "गर्भपात" म्हणतो. बोलताना तर दोन्हींना "अबॉर्शन झाले" एवढेच म्हणतो. त्यामुळे १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याची माहितीपुस्तिका आणि तुम्हाला हवे असलेले पुस्तक एकाच शब्दाखाली येतात. जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांत मात्र हा भेद वेगळ्या अंगाने केलेला आहे: चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात जातो तो गर्भपात. म्हणून "गर्भस्राव", "वारंवार गर्भपात", "आपोआप होणारा गर्भपात", "मृतजन्म" असे वेगवेगळे शब्द घालून शोधल्यास निकाल बरेच बदलतात. दुसऱ्या बाजूला, पुरुषांच्या वंध्यत्वाची माहिती कित्येक मराठी पुस्तकांत "नपुंसकत्व" या मथळ्याखाली दडपलेली असते. या दोन गोष्टी एक नव्हेत. शरीरसंबंधात कसलीही अडचण नसलेल्या पुरुषाच्याही शुक्राणूंची संख्या कमी असू शकते, आणि ज्या पुस्तकाला एवढा फरक करता येत नाही ते तिथेच मिटावे.

ग्रंथालयात तोंडाने मागण्याचा संकोच वाटत असेल तर एक युक्ती सांगतो. जिथे ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देण्याची पद्धत, वापरतात तिथे चिठ्ठीवर केवळ आकडा लिहून द्यावा. स्त्रीरोग व प्रसूती ६१८ मध्ये येते; त्यात वंध्यत्व ६१८.१७८ आणि आपोआप होणारा गर्भपात ६१८.३९२. पुरुषांचे वंध्यत्व मात्र तिथे सापडणार नाही, ते ६१६.६९२ मध्ये, म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्राशयाच्या रोगांशेजारी बसते. दुःखाविषयीची पुस्तके तर मानसशास्त्रात, १५५.९३७ ला. एकाच घरातल्या एकाच घटनेची पुस्तके तीन कपाटांत विखुरलेली असतात, हे मला नोकरी लागल्यापासून खटकत आले आहे. लहान ग्रंथालयांत एवढे वर्गीकरण नसते, सगळे "आरोग्य" या एका फळीवर असते. तिथे मात्र स्वतः कपाटापाशी जाऊन पाहू द्या, अशी विनंती करावी.

मराठी पुस्तकांविषयी स्पष्ट सांगतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात "समाजस्वास्थ्य" हे मासिक चालवून संततिनियमनावर निर्भीडपणे लिहिले, परंतु मूल हवे असून न होणाऱ्यांसाठी माझ्या कपाटांत जे आहे ते बहुतांशी डॉक्टरांनी लिहिलेले, आणि त्यातले काही तर स्वतःच्या उपचारकेंद्राच्या माहितीपत्रकासारखे आहे. शेवटच्या पानावर पत्ता आणि यशाची टक्केवारी छापलेली असेल, तर ते पुस्तक जाहिरात समजूनच वाचावे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, लातूर

ग्रंथपालांनी शब्दांचा घोळ चांगला उलगडला आहे. मी पुस्तक हातात घेतल्यावर काय पाहते, ते सांगते.

प्रथम प्रकाशनाचे वर्ष. आपल्याकडे सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (आयव्हीएफसारखे उपचार) आणि सरोगसी (दुसऱ्या स्त्रीने जोडप्यासाठी गर्भ वाढवणे) यांविषयीचे दोन्ही कायदे २०२१ चे आहेत. त्याआधी छापलेल्या पुस्तकात पैसे देऊन सरोगसी करवून घेण्याचा मार्ग सहज सांगितलेला असतो, तो आता कायद्याने बंद आहे. वयाच्या अटीही या कायद्याने घातल्या: सहाय्यित प्रजननासाठी स्त्रीचे वय ५० आणि पुरुषाचे ५५ पेक्षा अधिक चालत नाही.

त्यानंतर दोषाची भाषा. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांतला बिघाड आढळतो, आणि तो बहुतेक वेळा गर्भधारणेच्या क्षणीच झालेला असतो. घरातली रोजची कामे, स्कूटीवरून शाळेत जाणे, मनात आलेला वाईट विचार यांनी तो होत नाही आणि चांगल्या विचारांनी टळतही नाही. ज्या पुस्तकात हे सरळ लिहिलेले नाही आणि आईने काय करू नये याची यादी मात्र चार पाने आहे, ते पेटीतच राहू द्या.

तुमच्या बाबतीत आणखी एक सूचना करते. आठव्या आठवड्यातला आणि एकोणिसाव्या आठवड्यातला गर्भ जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. उशिरा जाण्यामागे गर्भाशयाचे तोंड वेळेआधी उघडणे, जंतुसंसर्ग, गर्भाशयाच्या रचनेतला दोष अशी कारणे अधिक शोधावी लागतात, आणि बहुतेक पुस्तकांचे लक्ष पहिल्या बारा आठवड्यांवरच असते. तेव्हा अनुक्रमणिकेत दुसऱ्या तिमाहीसाठी वेगळे प्रकरण आहे का, हे आधी पाहा. त्याचप्रमाणे "तीन वेळा गेल्याशिवाय तपासण्या नकोत" असे वाचनात आले, तर युरोपातल्या तज्ज्ञांची संस्था दोन वेळांनंतरच वारंवार गर्भपात मानते, हे लक्षात ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी त्या वेळी होते. तो दोष सापडल्यास अॅस्पिरिन आणि हेपॅरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांचा उपचार आहे.

इंग्रजीत लंडनच्या प्राध्यापिका लेस्ली रेगन यांचे गर्भपातावरचे पुस्तक प्रथम १९९७ मध्ये आले आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांचा विशेष दवाखाना अनेक वर्षे चालवला आहे, आणि लिखाण धीराचे आहे. मात्र परदेशी पुस्तकांत एक मोठी उणीव राहते. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि तिकडच्या पुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. खोकला नाही, ताप नाही, केवळ मूल होत नाही म्हणून तपासले आणि क्षयरोग निघाला, अशा स्त्रिया आमच्याकडे येत असतात.

वाचूनही रात्र रात्र झोप लागत नसेल तर पुस्तकाची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

तुळजाईची लेक

ताई, मनाला लावून घेऊ नका. माझ्या नणंदेने गुरुचरित्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायाचे नित्य वाचन केले आणि वर्षभरात तिच्या मांडीवर मूल आले. पुस्तकांनी डोके जड होते. श्रद्धेने वाचून पाहावे, एवढेच सुचवते.

परभणीची शिक्षिका

आपला हेतू चांगला आहे, हे जाणते. तो अध्याय मी दोन वर्षे वाचला आहे; सासूबाईंनी त्या पानात घातलेली मोरपिसाची खूण अजून तिथेच आहे. साठ वर्षांच्या वंध्येला त्यात कन्या आणि पुत्र होतात. पोथीविषयी माझी काहीच तक्रार नाही, परंतु ज्या बाईचे बाळ एकोणिसाव्या आठवड्यात गेले तिने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे, ते त्यात नाही आणि मला आता त्याविषयी वाचायचे आहे.

जालन्याहून एक नवरा

पुरुषाने येथे लिहावे की नाही, असा विचार करत दोन दिवस घालवले. आम्हाला लग्नानंतर नऊ वर्षे मूल नाही. पहिली पाच वर्षे तपासण्या केवळ बायकोच्या झाल्या. गर्भनलिकांचा एक्स-रे काढला, दुर्बिणीतून पाहिले, आणि माझी साधी वीर्यतपासणी सहाव्या वर्षी झाली. अहवालात शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला ४० लाख निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख दिलेली आहे. तो कागद खिशात घालून मी मोंढ्यात जाऊन तासभर सोयाबीनचे भाव विचारत फिरलो. एकही पोते विकायचे नव्हते.

म्हणून पुस्तकाविषयी माझी कसोटी अशी की, पुरुषाला त्यात किती पाने दिली आहेत ते मोजावे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा जोडीने, असते. तीनशे पानांत त्याला सहा पाने असतील तर लेखकाने विषय अर्धाच घेतला आहे.

अनुभवाच्या पुस्तकांपैकी रोहिणी राजगोपाल यांचे २०२१ चे इंग्रजी आत्मकथन माझ्या बायकोला जवळचे वाटले, कारण त्यातल्या रांगा, इंजेक्शने आणि नातेवाइकांचे प्रश्न आपल्याच देशातले आहेत. "व्हॉट्स अ लेमन स्क्वीझर डूइंग इन माय व्हजायना?" हे त्याचे नाव असल्यामुळे शिक्षककक्षात नेताना कव्हर घालावे लागेल, हे आधीच सांगतो. भाषा मिस्कील आहे. एलिझाबेथ मॅक्क्रॅकन या अमेरिकी लेखिकेने पूर्ण दिवसांच्या मृतजन्मावर लिहिलेले २००८ चे पुस्तक तिने आणले होते. ते दुसऱ्या बाळाच्या जन्मानंतर लिहिलेले आहे हे कळल्यावर तिने अर्ध्यावर ठेवले. पुस्तक उत्तम आहे, परंतु उपचार चालू असताना दुसऱ्याच्या मांडीवरचे बाळ कागदावरही सोसत नाही. तेव्हापासून आमच्या घरी कोणतेही पुस्तक आधी मी शेवटच्या पानापासून चाळतो आणि तिला सांगतो.

मी स्वतः पेरुमाळ मुरुगन यांची २०१० ची तमिळ कादंबरी "माधोरुबागन" इंग्रजी अनुवादातून, शब्दकोश जवळ ठेवून, वाचली. मूल नसलेले काली आणि पोन्ना हे शेतकरी जोडपे, आणि त्यांचे एकमेकांवर जीव असणे गावाला पुरेसे न वाटणे. पारावरची ती बोलणी मला आमच्या गावची वाटली. ही कादंबरी उपयोगाची माहिती देणार नाही, आणि शेवट सुखाचा नाही, हे लक्षात घेऊन वाचावी. दादांना इंग्रजी येत नसेल तर एक सुचवतो: रोज रात्री तुम्ही दोन पाने वाचून मराठीत सांगा. आमच्याकडेही तसेच झाले, बायकोने मला सांगितले, आणि त्या निमित्ताने ती पहिल्यांदा त्या दिवसाविषयी बोलली.

परभणीची शिक्षिका

सर्वांची आभारी आहे. जालन्याच्या दादांचा प्रतिसाद मी यांना मोबाइलवर वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, परंतु जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच्या जुन्या अहवालांची पिशवी कपाटावरून काढून तारखेनुसार लावली. दोन अहवाल मी कधी पाहिलेच नव्हते.

डॉक्टरबाई, दुसऱ्या तिमाहीचे प्रकरण पाहूनच पुस्तक घेईन. रेगन यांची सुधारित आवृत्ती आणि राजगोपाल यांचे पुस्तक मागवले आहे, शाळेच्या नव्हे तर बहिणीच्या पत्त्यावर. कव्हरसाठी जुन्या दिनदर्शिकेचे जाड पान काढून ठेवले आहे.

ग्रंथपालसाहेब, तुमचे ग्रंथालय परभणीहून एसटीने गाठता येण्याजोगे असेल, तर शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी किती वाजेपर्यंत उघडे असते?

तालुक्याच्या गावचा ग्रंथपाल

गावाचे नाव खाजगी निरोपात कळवले आहे. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ. दुपारी कुलूप असते, परंतु मी आत नोंदी करत बसलेला असतो. मागच्या दाराने या. आरोग्याचे कपाट उघडे ठेवतो.