वीजबिल अव्वाच्या सव्वा आलं: आधी भरायचं की आधी भांडायचं?

खारावारा (रत्नागिरी)
आमचा वन आरके. माणसं दोन, मी आणि आई. एक फ्रिज, दोन पंखे, टीव्ही, आठवड्यातून दोनदा वॉशिंग मशीन. एसी नाही, गीझर उन्हाळ्यात बंदच असतो. एरवी नव्वद-पंच्याण्णव युनिट, आठशेच्या आसपास बिल. मे महिन्याचं आलंय ३४० युनिट, चार हजारांच्या वर. रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं, जुळतंय, म्हणजे सरासरीवर ठोकलेलं नाही. बिलाच्या खिडकीवर गेलो तर उत्तर मिळालं, "आधी भरा, मग अर्ज द्या."

माझं म्हणणं एवढंच, की जे वापरलंच नाही त्याचे पैसे आधी का भरायचे? एकदा पैसे गेले की अर्जाकडे कोण बघतंय? ज्यांनी न भरता भांडून बिल कमी करून घेतलंय त्यांनी लिहा. 'पंखे कमी लावा'वाले सल्ले नकोत, हात जोडतो.

मुरंबा (चिपळूण)
नकोत म्हणालास तरी देते. मे महिन्यात आपल्याकडे पंखा बंद होतो का रे? साधा जुना पंखा ७५ वॅटचा धरला तरी चोवीस तासांत १.८ युनिट खातो. दोन पंखे म्हणजे महिन्याला शंभराच्या पुढे. त्यात ओट्याशेजारी ठेवलेला फ्रिज, बाहेर दमट हवा, दाराचं रबर फाटलेलं. दहाची नोट दारात धरून दार लाव. नोट सुळकन ओढून आली तर फ्रिज दिवसभर बाहेरच्या हवेला थंड करतोय असं समज. शिवाय शंभर युनिटच्या पुढचा दर पहिल्या शंभरच्या दरापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे युनिट थोडे वाढले तरी रुपये भसाभस वाढतात. मी दोन खोल्या भाड्याने देते. दर जूनला भाडेकरू मीटरच्या नावाने शंख करतात आणि दर वेळी शेवटी काहीतरी घरातच निघतं. वापरलंय, भरून टाक.

खारावारा
काकू, पंखे मार्चपासून तेवढेच चालतात. एप्रिलचं बिल ११० युनिटचं आहे. एका महिन्यात तिप्पट व्हायला आमच्या घरी लग्न नव्हतं.

भरणार_नाही
अजिबात भरू नकोस. २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये रीडिंगच बंद, एप्रिल-मेची बिलं हिवाळ्याच्या सरासरीवर दिली आणि जूनमध्ये सगळं एकदम अंगावर आलं. जे गप्प भरून मोकळे झाले त्यांना काय मिळालं? आरडाओरडा झाला म्हणून हप्ते तरी मिळाले. आणि तुमच्याकडे तो नवा स्मार्ट मीटर बसवलाय का ते बघ आधी.

खारावारा
मीटर जुनाच आहे. पेटीत कुंभारणीने मातीचं घर केलंय, त्यावरून समजा किती जुना ते.

तात्या_निवृत्त
बिलांच्या टेबलावर आयुष्य गेलं म्हणून लिहितो. दोघंही अर्धं बोलताय.

'अजिबात भरू नका' हा सल्ला देणारा तुमच्या घरी मेणबत्ती घेऊन येत नाही. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी लाइन तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण नोटीस आल्यावर नुसती तक्रार केली म्हणून तोडणी थांबत नाही.

आता खिडकीवरचं 'आधी भरा'. त्याच कलमात सोय आहे. बिलावर वाद असेल तर हरकत नोंदवून एक तर मागितलेली रक्कम भरायची, नाहीतर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी. दोन्हींपैकी जी कमी ती. तेवढी भरल्यावर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमची सरासरी आठशेच्या घरात असेल तर तेवढेच भरा. अर्जात 'हरकत राखून' हे शब्द हवेत, आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का हवा. शिक्क्याशिवाय खिडकी सोडायची नाही, साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं तर बाकड्यावर बसून राहायचं. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका.

हिशेबी
तात्या, नियम बरोबर, पण हिशेब कुठे बसतो? मुदतीत पूर्ण न भरल्यास सव्वा टक्का विलंब आकार, पुढे व्याज. अर्जासाठी अर्धा-अर्धा दिवस रजा. त्यापेक्षा चार हजार भरायचे, मीटर तपासणीचा अर्ज द्यायचा, चूक निघाली तर पुढच्या बिलात वळते होतात. मी तरी हेच करतो. तत्त्वासाठी रजा घालवायला मी रिकामा नाही.

भरणार_नाही
सगळे 'हिशेबी' झाले म्हणूनच खिडकीवरचा माणूस कलम ५६ सांगत नाही.

तात्या_निवृत्त
हे मात्र खरं. आम्हीही सांगत नव्हतो.

घावणे (मालवण)
गाववाल्यांनू, भरू की नको करत बसल्यात, पण मीटराकडे कोण गेलो काय? आमच्या शेजाऱ्याचो गीझर माझ्या मीटरार होतो, माका पत्तोच नाय. तुझा मेन बंद कर नि मीटराचो लाल दिवो बघ. लुकलुकलो तर चोर घरात नाय, भिंतीत आसा.

वायरमन_कुडाळ
घावणेंनी लाखाची गोष्ट सांगितली. फक्त नीट करा. घरातला मेन स्विच पाडा, फ्रिजसुद्धा बंद झाला पाहिजे. मग खाली जाऊन तुमच्या नंबरचा मीटर बघा. त्यावर 'इम्प प्रति किलोवॅट तास' असा आकडा असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असताना दिवा स्थिर राहिला तर वापर तुमच्या घरातला आहे, मुरंबाताईंचा फ्रिज तपासा. लुकलुकत असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि इथे टाका. आणि खारी हवा, गंज, मुंग्या यांनी मीटर जोरात पळतो ही समजूत काढून टाका. गंजाने कनेक्शन तापतं, जळतं. युनिट वाढत नाहीत. पेटी उघडायला जाऊ नका, सील असतं.

खारावारा
रात्री मेन पाडून खाली गेलो. दिवा लुकलुकतोय! साधारण अकरा सेकंदांनी एकदा. सकाळी सहाला पुन्हा गेलो तर थांबतच नव्हता, सेकंदाला जवळजवळ एक. पाच मिनिटं तसाच उभा होतो. मग कानावर आलं, मागे पंप चालू होता.

वायरमन_कुडाळ
३२००चा मीटर असेल तर अकरा सेकंद म्हणजे साधारण शंभर वॅट. जिन्यातले दिवे. रात्रंदिवस चालू राहिले तर महिन्याला सत्तर युनिट. सेकंदाला एक म्हणजे हजार-अकराशे वॅट, एक एचपीचा पंप. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली, पंप चार-पाच तास चालत असणार. दीडशे युनिट तेच. बेरीज करा, तुमची वाढ जवळपास तिथेच संपते. मीटरनंतर कुणीतरी तुमच्या वायरला सोसायटीची वायर जोडलीय.

मुरंबा
बरं बाबा, फ्रिज सुटला. पण मग बिल बरोबरच आहे ना? मीटरने मोजलं ते खरंच गेलंय. आता कंपनीशी भांडून काय मिळणार?

तात्या_निवृत्त
ताईंशी सहमत. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची. मीटर तपासणीत मीटर पास होईल आणि बिल कायम राहील. वर एक धोका आहे. ज्या जागेसाठी वीज दिली त्याबाहेर ती वापरली तर कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो, आणि मीटर तुमच्या नावावर आहे. आधी तुमच्याकडून लेखी जाऊ दे, की ही जोडणी तुमच्या परवानगीशिवाय झालेली आहे.

खारावारा
चौकशी केली. सोसायटीच्या सामाईक मीटरचं बिल थकलेलं, एप्रिलअखेरीला लाइन तोडली. पंप बंद पडला म्हणून सेक्रेटरींनी कुणाला तरी आणून 'तात्पुरती' जोडणी करून घेतली. तळमजल्यावर सगळ्यात जवळची वायर माझी. मला विचारलं नाही, कारण मी घरी नव्हतो म्हणे. बिल का थकलं? सोळा फ्लॅट, त्यातले नऊ मुंबईकरांचे, कुलूपबंद. मेंटेनन्स कोणी भरत नाही.

बंदकुलूप (डोंबिवली)
आता चाकरमान्यांवर घसरलात. मी वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि मेमध्ये. लिफ्ट नाही, पाणी वापरत नाही, जिन्यातला दिवा बघत नाही. वापर नाही तर पंपाचे पैसे मी का द्यायचे? वर खारावारा यांनी हेच लिहिलंय, जे वापरलं नाही त्याचे पैसे का भरायचे.

खारावारा
माझं वाक्य माझ्याच गळ्यात. पण फरक आहे. माझ्या मीटरवर तुमच्या इमारतीसारख्या इमारतीचा पंप आहे, तुमच्या मीटरवर माझा फ्रिज नाही.

हिशेबी
बंदकुलूप, जिना, टाकी, पंप ही फ्लॅटची किंमत धरून असतात. पंप जळाला तर तुमचाही फ्लॅट कोणी घेणार नाही. मेंटेनन्स वापरावर नसतो, मालकीवर असतो.

बंदकुलूप
तत्त्वतः मान्य, पण हिशेब कोण दाखवतं? चार वर्षांत एक सभा नाही, नुसते फोनवर आकडे येतात. सभा लावा, हिशेब ठेवा, मी जागच्या जागी भरतो. गणपतीला येतोच आहे.

भरणार_नाही
म्हणजे गणपतीपर्यंत पंप याच्या मीटरवर?

खारावारा
नाही. सेक्रेटरींना पत्र दिलं, पोचही घेतली. त्यात तीन हजार दोनशे मागितलेत, म्हणजे माझं नेहमीचं वजा करून उरतात तेवढे. बिल मी पूर्ण भरतोय. तात्यांचं सरासरीचं कलम इथे लागू नाही, भांडण कंपनीशी राहिलंच नाही. उद्या परवानाधारक वायरमन येऊन ती वायर काढणार आहे.

मुरंबा
वायर काढ, पण आधी दोन दिवस सांगून काढ. वर कोणी म्हातारं माणूस राहत असेल तर त्याने पाण्याविना काय करायचं? चूक सेक्रेटरीची, शिक्षा तिसऱ्या मजल्याला, हे मला पटत नाही.

खारावारा
तिसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांच्या हंडे-बादल्या मी आणि आई भरून देऊ. बाकीच्यांना दोन दिवस नाही, दोन तास आधी सांगणार. गेला महिनाभर कोणी मला दोन मिनिटंही सांगितलं नाही.

मुरंबा
मग भांड, पण फ्रिजचं रबर तरी बघून घे.