सांगलीत दुकानात नोकरी, स्कार्फ काढा म्हणतात, काय करू?

मिरजेची_लेक:
नमस्कार, मी सांगलीत एका कापड दुकानात बिलिंगला आहे, चार वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून डोक्याला स्कार्फ असतो, तोंड उघडंच. आता नवे मॅनेजर आलेत, म्हणतात एक तारखेपासून स्कार्फ नको, गिऱ्हाईकाला बरं वाटत नाही, नाहीतर गोडाऊनला जा घड्या घालायला. शेजारच्या काउंटरचा दादा गंध लावून तुळशीची माळ घालून बसतो, त्याला कोणी बोलत नाही आणि बोलूही नये, पण मग मलाच का? घर माझ्या पगारावर चालतं. कायद्यात काही आहे का?

कोर्टकचेरी_सांगली:
ताई, खरं ते सांगतो. घटनेचं कलम १५ आणि १६ धर्मावरून भेदभाव नको म्हणतं, पण नोकरीत ते सरकारलाच लागू पडतं. खाजगी मालकाला धर्माबाबत तसा बांधणारा वेगळा कायदा आपल्याकडं नाही आणि तो असायला पाहिजे. अमेरिकेत १९६४ पासून आहे, तिथं कपड्याच्याच एका कंपनीनं स्कार्फवाल्या मुलीला आमच्या लूकमध्ये बसत नाही म्हणून घेतलं नाही, २०१५ ला सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक असा तिच्या बाजूनं निकाल दिला.
तरी हात टेकू नका. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात सूड म्हणून काढणं, कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, तक्रार ९० दिवसांच्या आत करायची. हुकूम लेखी मागा. आणि काही झालं तरी राजीनाम्यावर सही करू नका, तिथंच लोक फसतात.

माळकरी_कुपवाड:
मी एमआयडीसीत बेदाणा पॅकिंगला होतो. आत माळ, बांगड्या, घड्याळ सगळं बंद, मणी तुटून मालात गेला म्हणजे? नियम सगळ्यांना एकच, मंगळसूत्रालासुद्धा. मी माळ उतरवणार नाही म्हटलं तर लोडिंगला दिलं, त्याच पगारावर. जिवाला लागलं पण कारण पटलं. तुमच्या स्कार्फनं बिलात काय पडतंय, हे विचारा त्यांना. आणि त्या माळकरी दादाला बरोबर न्या, तो नाही म्हणायचा नाही.

मिरजेची_लेक:
दादाला फोन केला, लगेच येतो म्हणाला. उद्या दुकान उघडायच्या आधी दोघं जातोय. अर्ज मराठीत चालेल ना?

कोर्टकचेरी_सांगली:
चालेल. दोन प्रती करा, एकीवर तारखेसकट पोच घ्या. सही नाही दिली तर तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवा.