कमानपट्ट्याचं पातं तडकलं, काय चुकलं?

प्रश्न: नागपुरात घरामागच्या भट्टीवर एकटाच सुऱ्या घडवतो. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून) चार इंची पातं काढलं, लाल करून पाणी पाजलं, म्हणजे कडक व्हायला पाण्यात बुडवलं. ‘टिक्’ आवाज, अन् धारेपासून केसाएवढी चीर. तीन दिवसांची मेहनत गेली हो!

उत्तर: भाऊ, या पोलादाला पाणी नाही, तेल पाजायचं. तेल ५० अंशांपर्यंत कोमट करा. पातं तापवताना त्याला चुंबक चिकटेनासं झालं की थोडं आणखी तापवून बुडवा. मग लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोनदा, दोन-दोन तास. नाहीतर काचेसारखं फुटेल.

उत्तर: जुन्या पट्ट्यात आधीच चिरा असू शकतात. नवी पट्टी घ्या.

प्रश्नकर्ता: आज नव्या पात्याला तेल पाजलं. कानस नुसती घसरते, म्हणजे पातं कडक झालं! पहिलं संत्रं कापलं, आंबट रसानं पातं निळसर काळं पडलं. फार देखणं दिसतंय.