‘आधिक्य’ उणे कसे?

प्रश्न : द्रव मिश्रणांवरचा एक लेख तपासतोय. त्यात ‘या मिश्रणाचे आधिक्य घनफळ उणे आहे’ असे वाक्य आलेय. आधिक्य म्हणजे जास्तीचे, मग ते उणे कसे? ‘तूट’ करू का?

– नका करू. इथे आधिक्य म्हणजे प्रत्यक्ष मिश्रणाच्या गुणधर्मातून आदर्श द्रावणाचा (सगळे रेणू एकमेकांशी सारखेच वागतात असे कल्पिलेल्या मिश्रणाचा) तोच गुणधर्म वजा केल्यावर उरते ते. तापमान, दाब आणि घटकांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे. वजाबाकीच ती, चिन्ह कुठलेही येईल. ५० मिलि पाण्यात ५० मिलि इथेनॉल ओतले तर १०० मिलि भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरते. बेंझीन-सायक्लोहेक्झेनमध्ये उलट, घनफळ थोडे वाढते. काही जोड्यांत तर प्रमाण बदलता बदलता चिन्हही पालटते. तिथे अर्ध्या आलेखाला ‘तूट’ म्हणणार आणि उरलेल्याला?

प्रश्नकर्ता : पण ‘मिसळल्याने होणारा बदल’ असे सरळ का लिहू नये? वाचकाला लगेच कळेल.

– घनफळ आणि एन्थाल्पी (स्थिर दाबाखाली उष्णतेचा हिशेब देणारी राशी) यांच्यापुरते चालेल, आदर्श द्रावणात हे बदल शून्यच असतात. एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) आणि गिब्ज ऊर्जा (एन्थाल्पी व एन्ट्रॉपी मिळून ठरणारी ऊर्जा) यांना मात्र नाही चालणार. आदर्श द्रव मिसळले तरी एन्ट्रॉपी वाढतेच. तो वाटा काढून टाकल्यावर उरते ते आधिक्य. ‘अतिरिक्त’ही मला पटत नाही, वरून काही घातल्यासारखे वाटते.

प्रश्नकर्ता : पटले. पुढे ‘रेडलिक-किस्टर समीकरणाने सिद्ध केलेली मूल्ये’ असे आहे.

– ‘सिद्ध’ आधी खोडा! १९४८ चे हे समीकरण मोजलेल्या आकड्यांवर ‘बसवतात’. दोन घटकांच्या मोल-अंशांचा (एकूण रेणूंतल्या प्रत्येकाच्या वाट्यांचा) गुणाकार बाहेर असतो, त्यामुळे शुद्ध द्रवाच्या दोन्ही टोकांना उत्तर आपोआप शून्य. कंसात त्या अंशांच्या फरकाचे चढते घात, आणि त्यांचे सहगुणक लघुतम वर्ग पद्धतीने (मोजलेल्या आणि समीकरणाच्या आकड्यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) काढायचे. वक्र नेमका पकडतो, पण रेणूंमध्ये काय चाललेय ते सांगत नाही. पदे वाढवत नेली तर मोजणीतल्या चुकाही वक्रात उतरतात.

– आधिक्य गिब्ज ऊर्जेच्या विल्सन (१९६४) आणि एनआरटीएल (१९६८) या समीकरणांना मात्र ‘प्रतिमान’ (मॉडेल) म्हणायला हरकत नाही. रेणूभोवतीचे स्थानिक प्रमाण एकूण प्रमाणाहून वेगळे असते, ही कल्पना त्यांत आहे. विल्सनला दोन थरांत फुटणारे द्रव मात्र जमत नाहीत, एनआरटीएलला जमतात.

प्रश्नकर्ता : मग ‘रेडलिक-किस्टर समीकरण बसवून काढलेली आधिक्य मूल्ये’ असे करतो.

– छान. ‘सहगुणक’ कोष्टकात देताना तापमानही छापायला सांगा, ते बदलले की सहगुणकही बदलतात.