कॉपीचा आळ, बदनामीची केस होते का?

प्रश्न: बहिणीवर सेमिस्टरच्या पेपरात कॉपीचा आळ आलाय, चौकशी समिती अजून बसायचीय आणि त्याआधीच एका मॅडमनी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं नाव, रोल नंबर टाकून "चिटिंग करताना सापडली" असं लिहिलं. पोरगी धड जेवत नाहीये. केस टाकता येईल का?

उत्तर १: आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. सुपरवायझरने परीक्षा विभागाला रिपोर्ट दिला त्यावर केस टिकणं अवघड, सद्हेतूने अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधे अपवादच आहे. पण अख्ख्या वर्गाला सांगायची काय गरज होती? तिथे तुमची बाजू भक्कम वाटते.

उत्तर २: मी वकिली करतो. भरपाईचा दिवाणी दावा १ वर्षाच्या आत टाकावा लागतो, म्हणजे घाई नाही, आधी चौकशीत नीट लढा, कारण तिथे दोषी ठरली तर "खरं तेच लिहिलं" हाच त्यांचा बचाव होणार.

प्रश्नकर्ता: चिठ्ठी बाकाखाली सापडली हो, अक्षर तिचं नाहीच!

उत्तर २: मग लेखी म्हणण्यात हेच सगळ्यात वर लिहा, अक्षर तपासायची मागणी करा आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.