खनिज विकून आलेला पैसा कमाई धरायचा का? वर्गात एक शिकवतात, घरी वेगळंच

डिचोलीची_पोर
मी टीवाय बीएला आहे, इकॉनॉमिक्स घेतलंय. परवा सर म्हणाले खनिज विकणं म्हणजे कमाई नव्हे, वडिलोपार्जित भाट म्हणजे बागायत विकल्यासारखं ते, एकदा गेलं की गेलं, पण सरकार रॉयल्टी, म्हणजे खनिजासाठी खाणवाल्याकडून मिळणारा मोबदला, महसुलात धरतं आणि खर्चून मोकळं होतं. मला एकदम पटलं. रविवारी घरी बोलले तर बाबा जेवता जेवता उठले. आमचे खनिज वाहणारे दोन टिप्पर होते, 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, दुसरा अंगणात उभा राहिला, टायरांना गवत चढलं पण बँकेचा हप्ता सुरूच. म्हणाले, "तुझ्या सरांचा पगार एक तारखेला होतो." काय बोलायचं यावर?

मास्तर_फोंडा
सरांचं बरोबर आहे बाय, आणि ते नुसतं पुस्तकी नाही. संपणाऱ्या संपत्तीचा पैसा खाऊ नये, गुंतवावा, हे हार्टविक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1977 ला गणित मांडून दाखवलं. नॉर्वेने तेलाच्या पैशासाठी 1990 ला कायदा करून फंड काढला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात गोव्यातल्या खनिज उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या किमान 10 टक्के रक्कम पर्मनंट फंडात टाकायला सांगितली, पुढच्या पिढ्यांसाठी. त्याच निकालात लीजची, म्हणजे खाणपट्ट्यांची, मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती असंही म्हटलंय, आणि 2018 ला परत कोर्टाने 88 लीजांचं सरकारने केलेलं नूतनीकरण रद्द केलं. यात टिप्परवाल्याने काय केलं होतं? नूतनीकरणाच्या फाइलवर त्याची सही नव्हती, हप्ता मात्र त्याच्याच नावावर.

सांगेकर
मास्तर, हे सगळं आम्हाला कोणी येऊन सांगितलं का? चर्चासत्रं पणजीच्या हॉलात, तीही इंग्रजीत. आमच्याकडे झाडांची पानं धुळीने लाल, उन्हाळ्यात विहिरीला पाणी नाही, घरातला एक जण खनिज वाहणाऱ्या बार्जीवर आणि दुसरा खाणीविरुद्ध ग्रामसभेत, दोघं एकाच पाटावर जेवतात. त्यांच्यासमोर देवळाच्या मंडपात बसून मराठीत नाहीतर कोंकणीत हे मांडा ना, लोक भांडतील पण ऐकतील. प्राध्यापकांनी तेवढं करायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

डिचोलीची_पोर
थँक्यू मास्तर. काल बाबांना शांतपणे विचारलं, टिप्पर विकला तेव्हा आलेले पैसे तुम्ही कमाई म्हणालात का? थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले नाही, ते मी कर्जात भरले, घरात एक रुपया आणला नाही. मी म्हटलं सर हेच सांगत होते. मग त्यांनीच विचारलं, त्या फंडात ज्यांचे टिप्पर गेले त्यांचं काय?

मास्तर_फोंडा
पर्मनंट फंड पुढच्या पिढ्यांचा. आजच्या बाधितांसाठी खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज फाउंडेशन आहे, ते वेगळं. पण त्यात बाधित कोणाला धरायचं, बुडालेला टिप्परवाला येतो की नाही, यावर भांडायला हवं. बाबांना घेऊन ग्रामसभेला जा आणि हा प्रश्न मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लाव.

सांगेकर
आणि सरांनाही बोलाव. खुर्ची आम्ही देतो.