मदत हवी आहे: हौदात वाळूही येते आणि नाल्याचं खारं पाणीही, फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) कुठे सोडावा?

नमस्कार. सांगलीच्या खाली कृष्णाकाठी आमची उपसा सिंचन संस्था आहे. पावसाळ्यात हौदाच्या तळाला वाळू साचते, पंपातलं फिरतं चाक (इंपेलर) घासतं, द्राक्षबागांच्या ड्रिपचे फिल्टर सारखे धुवावे लागतात. वर साधारण एक किलोमीटरवर, आमच्याच काठाला, क्षारपड रानांच्या निचऱ्याचा नाला नदीत मिळतो.

उघडीप मिळाली तेव्हा होडीतून मोजमाप केलं. पाणी सुमारे ४ मीटर खोल, वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास, पात्र १०० मीटर रुंद. वरून भरलेल्या बाटलीत नुसता गाळ, वाळू जवळपास नाही. तळाजवळच्या बाटलीत मात्र बोटभर वाळू बसली. मग इसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा; आकडा जितका मोठा तितकं पाणी खारं) लावला. वर-खाली फरक नाही, पण काठाजवळ ०.९ आणि मध्यात ०.३! एकाच पाण्यात वाळू खोलीप्रमाणे बदलते आणि मीठ रुंदीप्रमाणे, हे कोडं सुटत नाही. नीट समजून घ्यायचं आहे, कारण पाइप हलवायचा खर्च सभासदांच्या खिशातून जाणार.

प्रतिसाद:
ताई, तुमची मोजणी अगदी बरोबर आहे.

वाळूचा कण सतत खाली बसत असतो आणि पाण्यातली खळबळ त्याला वर उचलत असते. कोण जिंकतं ते राऊस यांच्या आकड्यावरून कळतं (१९३७ पासून वापरात आहे): बसण्याचा वेग भागिले (०.४ गुणिले घर्षणवेग). घर्षणवेग म्हणजे तळाशी घासून पाण्यात उठणाऱ्या खळबळीचं माप. आकडा जितका लहान, तितका कण वर-खाली सारखा पसरतो. तुमच्याकडे घर्षणवेग सेकंदाला ६ सेंटिमीटर धरू. ०.०२ मिलिमीटरचा गाळ सेकंदाला जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर बसतो, म्हणून तो वरपासून खालपर्यंत सारखाच. ०.२ मिलिमीटरची वाळू सेकंदाला सुमारे २५ मिलिमीटर बसते. आकडा १ च्या आसपास येतो. तळापासून २० सेंटिमीटरवर जेवढी वाळू आहे, त्याच्या ५ टक्केच अर्ध्या खोलीवर उरते. वरच्या बाटलीने तुम्हाला चकवलं ते यामुळेच.

विरघळलेल्या मिठाला बसायचंच नसतं. ४ मीटर खोलीत ते काहीशे मीटरमध्ये वर-खाली एकजीव होतं. आडवं पसरणं मात्र फार संथ असतं. त्याचा गुणांक साधारण ०.६ × खोली × घर्षणवेग, म्हणजे तुमच्याकडे ०.१४ चौरस मीटर प्रतिसेकंद. या हिशेबाने काठाला पडलेलं पाणी पूर्ण रुंदीत मिसळायला २५ किलोमीटरहून जास्त अंतर लागतं. एका किलोमीटरवर खारा पट्टा काठापासून साधारण ३०-३५ मीटरपर्यंतच पसरलेला असणार. वळणं असतील तर मिसळणं थोडं लवकर होतं.

तेव्हा वाळूसाठी फुटव्हॉल्व्ह वर घ्या, अर्ध्या खोलीच्या आसपास. फार वर नको, भोवरा होऊन हवा ओढेल. मिठासाठी मात्र खोली बदलून काहीच होणार नाही, पाइप काठापासून लांब न्यावा लागेल. आधी काठापासून दर ५ मीटरवर इसी घ्या, कुठे झपकन उतरतो ते बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. आम्ही इतके दिवस फुटव्हॉल्व्ह खाली-वर करूनच मीठ टाळायला बघत होतो. इसीची नोंद या आठवड्यात घेते. एक शंका: मध्याकडे नेलेला पाइप पुरात ओंडक्यांच्या माऱ्यात टिकवायला कुणी तरंगता पंप वापरला आहे का? अनुभव असेल तर जरूर लिहा.